शिफ्ट इन्चार्ज होणाऱ्या लेकीस

सातारा

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

"शिफ्ट इन्चार्ज व्हायला मी अजून तयार नाही, वर्षभराने बघू," असं तू फोनवर म्हणालीस. तेवढ्यात तुझी कंपनीची बस आली आणि माझं बोलणं राहून गेलं. ते आता लिहिते.

मशीन बंद पडलं की मेंटेनन्सची मुलं आधी तुलाच विचारतात. रिजेक्शन का वाढलं याचा छडा तू लावतेस आणि मीटिंगमध्ये ते सांगतो दुसराच कोणी. काम तू करतेच आहेस गं, फक्त शेवटचा शब्द तुझा नाही. मग तयारी राहिलीय कशाची?

आमच्या बँकेत ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म बऱ्याच जणींनी भरलाच नव्हता. हिशोबाला त्या माझ्याहून पक्क्या होत्या. बदली झाली तर घर कोण बघेल, ही काळजी खरीच होती. पण 'आपल्याला नाही जमायचं' हेही त्या म्हणायच्या. लोकांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांना ते स्वतःचंच मत वाटायला लागलं होतं. मी परीक्षा दिली, पास झाले, तरी पहिलं कर्ज मंजूर करताना छातीत धडधडत होतं. सातबारा पुन्हा वाचला, शेतावर जाऊन विहीर पाहिली आणि सही केली. हप्ते वेळेवर येऊ लागले, तसा माझा माझ्यावर विश्वास बसत गेला. सहीच्या आधी तो कुठून येणार होता?

आपल्याच जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांचं तुला सांगायचंय. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. त्याआधी तिच्या संस्थापक चेतना सिन्हांनी परवान्यासाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतनाताई निराश झाल्या, पण बायकाच म्हणाल्या, आम्ही शिकतो. काही महिने अक्षरं गिरवून त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. मुद्दल आणि दर सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा, असं त्यांनी बजावलं. परवाना मिळाला. मला यातलं फार आवडतं ते हे, की जे येत नव्हतं ते त्या शिकल्या आणि जे येत होतं ते साहेबांपुढे ठणकावून सांगितलं. तू पहिलं छान करतेस. दुसरं करताना गप्प बसतेस.

रात्रपाळीचं म्हणालीस. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती अट बदलली आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली. त्यामुळे घरापर्यंत गाडी, शिफ्टमध्ये आणखी बायका, वेगळं स्वच्छतागृह, हे मागताना संकोच करू नकोस. पगारवाढीचं पत्रही आधी हातात घे. इन्चार्जचं काम आणि जुनाच पगार, असं बायकांच्या बाबतीत फार सहज घडतं.

प्लँट हेडना शुक्रवारी भेटणार आहेस ना? तू सोडवलेले तीन-चार मोठे ब्रेकडाउन तारखांसह कागदावर मांडून ने. कोणी म्हणालं "आमच्या टीमने केलं", तर टीमचं नाव जरूर घे, पण त्यात तू नेमकं काय केलंस तेही सांग. मेंटेनन्सचा एक अनुभवी माणूस पहिले काही महिने तुझ्याच शिफ्टला माग. आणि प्लँट हेडचा होकार तोंडी ठेवू नकोस, त्याच दिवशी ईमेल करून टाक.

तुझी,
आई