बाबांचे प्रश्न, क्रमाने नाही

इंडियानापोलिस,
८ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार, वि. वि.

बाबा, तुमचे प्रश्न मिळाले. क्रमांक घालून पाठवलेत म्हणजे उत्तरंही क्रमाने हवी असणार, पण ते जमेलसं दिसत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये मुक्कामाला असतं, म्हणून लिहितेय. आई, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घे.

तब्येत उत्तम. जेवते. थंडी आहे, हीटरही आहे. हा विषय संपला.

रात्री-अपरात्री फिरते हे मावशीपर्यंत कोणी पोचवलं ते मला माहितीये. वर्षातून एक रात्र, आई! जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत इथे एका रात्री बेघर माणसं मोजतात. आम्ही चौघं होतो, गाडी होती, वाटायला मोज्यांच्या जोड्या होत्या. पुलाखाली एका म्हाताऱ्याने मलाच विचारलं, "पोरी, टोपी कुठेय तुझी?" तुझीच आठवण झाली. आणि बाबा, "अमेरिकेत कुठले आलेत बेघर" या प्रश्नाचं उत्तर: २०२४ च्या मोजणीत देशभर ७,७१,४८० निघाले.

आता प्रश्न क्रमांक दोन, म्हणजे मी नेमकं करते काय. जोशीकाकांना तुम्ही "बांधकाम खात्यात आहे" असं सांगितलंत. बाबा, मी घरं बांधत नाही. बेघरांसाठी घरं बांधू पाहणाऱ्या स्थानिक संस्थांना शिकवते. चर्चच्या स्वयंपाकघरात रोज दीडशे माणसांना जेवू घालणारी बाई, एक बिल्डर, एक इमारती सांभाळणारा आणि एक समाजसेवी संस्था अशी मोट बांधायची, आणि काही महिन्यांनी ते उठतील तेव्हा त्यांच्या हातात जागा, नकाशा आणि हिशोब असला पाहिजे. चुलीला तीन धोंडे लागतात तसे इथे तीन पैसे लागतात: बांधायचा, चालवायचा आणि माणसं सांभाळायचा. बांधायचा बराचसा १९८६ च्या एका कायद्यातून येतो. कंपन्यांनी अशा इमारतींत पैसे घातले की त्यांना दहा वर्षं करात सूट मिळते. पहिल्या पैशावर सगळ्यांचा डोळा असतो. तिसऱ्याचं नाव काढलं की खोलीत शांतता. मग इमारत उभी राहते आणि केस वर्करचा, म्हणजे तिथल्या माणसांची विचारपूस करून मदत करणाऱ्याचा, पगार द्यायला कोणी नसतं. माझी निम्मी नोकरी ही शांतता मोडण्यात जाते.

रात्र निवाऱ्यासारखं सकाळी गोधडी गुंडाळून बाहेर पडा असं इथे नाही. करार त्या माणसाच्या नावावर, मुदत नाही, भाडं त्याच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के, बाकीचं अनुदानातून. केस वर्कर दार वाजवतो, पण त्याची मदत घेतलीच पाहिजे अशी अट नाही. आधी दारू सोड, औषधं घे, मग घर, हा जुना क्रम १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा केला. आधी घर. बहुतेकांनी ते टिकवलं. दारू सगळ्यांची सुटते असं मात्र मी म्हणणार नाही.

"दारुड्यांना फुकट घरं देऊन त्यांना आळशी करता" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. १९६१ साली पानशेत फुटलं, नारायण पेठेतला आपला वाडा गेला आणि आजोबांना गोखलेनगरला खोली मिळाली. तेव्हा कोणी विचारलं होतं का, तुम्ही तपकीर ओढता का म्हणून? आजोबा आळशी झाले का? तुम्ही म्हणाल, तो पूर होता. हो, होता. इथल्या लोकांचे पूर वेगवेगळ्या दिवशी येतात, एवढंच.

बरं, रागावू नका. एक गंमत सांगते. इथे इमारत उठवायची तर गावात जनसुनावणी होते. ज्याला बोलायचं त्याने चिठ्ठीवर नाव द्यायचं, माइकपाशी जायचं. समोर तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की वाक्याच्या मध्यात गप्प. आपल्या सोसायटीच्या सभेत असे दिवे बसवले तर परांजप्यांचं काय होईल? तर परवा एका छोट्या गावात चाळीस घरांच्या इमारतीची सुनावणी. एकेक जण येतो, सुरुवातीला म्हणतो, "मी या लोकांच्या विरोधात नाही." मग पार्किंगवर घसरतो. कारण गावचा नियम: दर घरामागे दीड गाडीची जागा. म्हणजे साठ गाड्या. बाबा, ज्यांच्याकडे अंगावरच्या कोटाखेरीज काही नाही त्यांच्यासाठी साठ गाड्यांची जागा! मी विचारलं, अर्धी गाडी कशी लावतात? कोणी हसलं नाही. तीन तास चर्चा पार्किंगवरच. खरी भीती कोणी दिव्यासमोर बोलून दाखवत नाही, म्हणून ती गाड्यांच्या पोटात घालून आणतात. शेवटी चर्चने आपल्या आवारातल्या वीस जागा देऊ केल्या आणि विषय पुढच्या महिन्यावर ढकलला.

आई, तुला आवडेल असं एक. डिसेंबरात एका बाईला किल्ली दिली. अकरा वर्षं बाहेर होती. आम्ही भांडी, चादर, पडदे घेऊन मागे उभे. ती आत गेली आणि आतून कडी लावली. आम्ही कढई धरून बाहेर. आतून फ्रिज उघडल्याचा, मिटल्याचा आवाज, मग पुन्हा उघडल्याचा. दहा मिनिटांनी दार उघडून म्हणाली, "आता या." पहिले आठ दिवस ती पलंगावर नाही, दाराला पाठ लावून जमिनीवर झोपली.

आता आपल्या घराचं. सोसायटीने पुनर्विकासाला सही केली हे मला मावशीकडून कळावं? एप्रिलमध्ये घर रिकामं करायचं आणि मला यायला जमणार नाही, म्हणून सांगितलं नाहीत ना? इथल्या सरकारी निधीचं रोज नवं काहीतरी निघतं, त्यामुळे आत्ता रजा मागणं शहाणपणाचं नाही. नोकरी ठीक आहे. खरंच ठीक आहे. पण बाबा, त्र्याहत्तराव्या वर्षी तुम्ही स्टुलावर चढून माळा काढू नका. पॅकर्सना पैसे मी देते. बिल्डरचं भाडं कोथरूडमध्ये पुरणार नाही, वरचे मी भरते, आणि यावर वाद नको. कुलमुखत्यारपत्रासाठी शिकागोच्या वकिलातीची वेळ घेतलीये. या महिन्याचे पैसे मात्र दहा दिवस उशिरा येतील, गाडीचं काम निघालं.

सिएटलच्या मुलाच्या घरी नकार कळवा. मुलगा वाईट आहे म्हणून नाही. कारण आहे, ते आधी आईशी बोलेन. आई, रविवारी बाबा फिरायला गेले की फोन कर. काळजीचं काही नाही.

तुमची,
मनू

ता. क. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भंगारात देऊ नका. आजोबांचं घंगाळंही. आणि आपल्या लॅचची एक किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, ती कुरिअरने पाठवायची का? का आता नकोच?