आजोबांची एमजी भंगारात जाऊ न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे पळवाट नको.

आमचा डेक्कनचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेला, गॅरेज रिकामं करायची वेळ आली. गाद्या, गणपतीची मखरं, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि त्या सगळ्याखाली ताडपत्रीत बांधलेली ‘आजोबांची गाडी’. आम्हाला वाटायचं, असेल एखादी फियाट. निघाली दोन सीटची, उघडी, लांब मडगार्डांची एमजी. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता आणि बिल्डरच्या माणसाची घाई चालली होती. तेवढ्यात शेजारच्यांनी तुम्हाला आणलं.

तुम्ही चपला गॅरेजबाहेर काढल्यात, हे मी बघितलं. मग बॅटरी मारून चाकं पाहिलीत आणि म्हणालात, ‘टीडी मॉडेल आहे. आधीचं टीसी असतं तर तारांची चाकं असती.’ इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत ही गाडी बनली, एकूण ३० हजारांच्या आत, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, हे सगळं तुम्ही गाद्यांच्या ढिगाऱ्यावर बसून सांगितलंत. भंगारवाल्यापेक्षा दहा हजार जास्त देऊन तुम्हीच ती उचलली असती, तर आम्ही वर चहा पाजून निरोप दिला असता. उलट तुम्ही म्हणालात, ‘त्या भावात याचे हेडलॅम्पसुद्धा येत नाहीत. कुणाला द्यायची नाही.’

दादा तोवर स्वतःच्या गाडीची बॅटरी जोडायला केबल घेऊन आला होता. तुम्ही असे ओरडलात की समोरच्या बाल्कनीतली माणसं बाहेर आली. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, मायनस नव्हे, हे त्याला कुठून माहीत असणार? शिवाय जाम इंजिनाला स्टार्टर मारायचाच नसतो. तुम्ही प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलंत आणि घरी निघून गेलात. मग अधूनमधून यायचं, पुढून हँडल लावून नुसता अंदाज घ्यायचा, पुन्हा ऑइल सोडायचं, जायचं. जोर म्हणून लावला नाहीत. एका संध्याकाळी हँडल बोटभर सरकलं, तेव्हाही तुम्ही तिथेच थांबलात! दादाचा जीव नुसता वरखाली होत होता.

त्याचा चकचकीत पान्यांचा सेटही तुम्ही बाजूला ठेवायला लावलात. या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची. एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. पण इंग्लिश मेकॅनिकांकडचे पाने चालावेत म्हणून डोकी जुन्याच मापाची ठेवली. भलता पाना लावला असता तर एकेक डोकं गोल झालं असतं. तुमच्या पेटीतले ते काळे पडलेले पाने मी हातात घेऊन पाहिले, चांगलेच जड आहेत.

पण माझं खरं देणं आहे ते गाळाचं. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. फळ्या उचलल्यावर खालचं लाकूड कुजलेलं निघालं आणि कोपऱ्यात वाळून दगड झालेला बारीक गाळ. तुम्ही चिमटीत चुरून पाहिलात आणि आत्याला हाक मारलीत, ‘ताई, पानशेतचा का?’ १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. आत्या तेव्हा शाळेत होती. पूर ओसरल्यावर आजोबांनी इंजिन उघडून धुऊन घेतलं, लाकडाचं काम मात्र राहिलं ते राहिलंच, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या कुणी तो गाळ झाडून टाकला असता. तुम्ही आइसक्रीमच्या डब्यात भरून तिच्या हातात दिलात.

आरसी बुक शोधा, हा हेकाही तुमचाच. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना नंबराची वेगळी ‘व्हीए’ मालिका आली, पण आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ते बुक आत्याच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली सापडलं. चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट तुम्हीच घेतलात, त्यावरचा आकडा बुकाशी जुळला तेव्हा बाबा उगीचच चष्मा पुसत बसले.

आता लाकूडकाम सुतारांकडे आहे, टाकी नाना पेठेत. राहिलं तुमचं बिल. दादाने विचारलं की तुम्ही ‘बघू’ म्हणता. आत्याने निरोप दिलाय की बिल चुकतं केल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवणार नाही, आणि पहिली फेरी तिचीच ठरली आहे. तेव्हा कृपा करून आकडा सांगा.

आपली,
डेक्कनच्या बंगल्यातली धाकटी