क्षयाची गोळी लिहिण्याआधी काम विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे यजमान बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये टूल ग्राइंडर होते. बोथट झालेले, कार्बाइड नावाच्या कठीण धातूचे ड्रिल, कटर, लेथच्या टिपा यांना डायमंड व्हीलवर धार लावायची, हेच दिवसभराचं काम. आधी कोरडा खोकला सुरू झाला. मग खंडेराव मार्केटातून भाजीची पिशवी आणतानाही दम लागू लागला, वजन उतरलं. एक्स-रेत डाग दिसले. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी क्षयाची औषधं सुरू झाली आणि महिनोन्‌महिने चालली. केस पेपरवर व्यवसायापुढे फक्त ‘नोकरी’ असं लिहिलेलं होतं.

पुढे छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, “नोकरी म्हणजे हातानं नेमकं काय करता?” मग म्हणाले, “दिवाळीच्या सुट्टीत खोकला उतरतो का?” उतरत होता. सीटी स्कॅन आणि श्वासाच्या चाचण्या झाल्या आणि निदान बदललं. आजार कार्बाइडच्या धुळीनं झालेला होता.

टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टनं बांधून भट्टीत घट्ट केली की हे कार्बाइड तयार होतं. फुफ्फुसाला खरा उपद्रव या कोबाल्टचा. तो सगळ्या कारागिरांना बाधत नाही, थोड्यांनाच बाधतो, म्हणून तर शेठ सहज म्हणतात, “बाकीच्यांना कुठे काय झालंय?” कूलंट, म्हणजे व्हील थंड ठेवणारं पाणी, सोडलं की धूळ बसते, मग भीती नाही, असंही शेडमध्ये सगळे मानतात. पण कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतं. तेच कूलंट न बदलता फिरवत राहिलं की त्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर आत जातात. यांचे कामाचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाशी राखाडी गाळ बसायचा, बोटांना टाल्कम पावडरीसारखा मऊ लागायचा. इतकी बारीक धूळ तोंडाला बांधलेल्या रुमालानं कशी अडणार?

हा आजार नवा नाही. बेल्जियममध्ये कोबाल्टच्या चकत्यांवर हिरे घासणाऱ्या कारागिरांना तो झाल्याची नोंद १९८० च्या दशकातली आहे. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे, तिच्यातही कठीण धातूंमुळे होणारे श्वसनरोग आहेत. पण कागदावर क्षय लिहिलेला असेल तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? दहापेक्षा कमी माणसांच्या शेडला तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजनाही, सहसा सक्तीची नसते.

बडोद्यातल्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. थुंकीत जंतू नसतील आणि क्षयाच्या औषधांनी गुण येत नसेल, तर रोग्याला त्याचं काम खोदून विचारा आणि ते केस पेपरवर लिहा. शंका आली तर अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, तिथं विचारा. हा आजार लवकर ओळखून माणसाला त्या कामातून बाहेर काढलं तर फुफ्फुस सावरू शकतं. उशीर झाला तर पडलेले व्रण जात नाहीत. यांचा खोकला काम सोडल्यावर कमी झाला, जिना मात्र अजून एका दमात चढवत नाही.

यांच्या व्हीलवर आता एक तरुण मुलगा बसतो. व्हीलच्या तोंडाशीच धूळ ओढणारं सक्शन बसवा आणि कूलंट वेळच्या वेळी बदला, हे सांगायला मी शेठना भेटून आले. सक्शनचं कोटेशन मागवतो म्हणाले आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

आपली,
एका टूल ग्राइंडरची पत्नी
नवापुरा, बडोदे