बाळंतिणीला वार नको, लाल गोळी द्या

मा. संपादक,

स्वतःची वार (बाळामागून बाहेर पडणारी नाळेची प्लासेंटा) वाळवून, दळून, कॅप्सूलमध्ये भरून खाण्याचं खूळ हल्ली मोबाइलवर दिसतं. वार ४६ ते ७१ अंश सेल्सिअसवर सुकते खरी, पण तेवढ्याने जंतू मरतीलच असं नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २०१६ मध्ये अशाच कॅप्सूलमध्ये ‘गट ब’ स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडला. त्या कॅप्सूल खाणाऱ्या आईच्या बाळाच्या रक्तात दोनदा संसर्ग झाला होता. शिवाय वार खाल्ल्याने दूध वाढतं याला पुरावा नाहीच.

अंगात रक्त भरायचं तर सातारा असो वा सांगली, सरकारी दवाखान्यातली लाल गोळी घ्या: ६० मिलिग्रॅम लोह, रोज एक, १८० दिवस. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळी होते, घाबरून गोळी सोडू नका. अळिवाचा लाडू खुशाल खा, वरून.

— एक परिचारिका, कराड