तीनशे वस्तीचे शहर आणि लोकसंख्येचा तक्ता

संपादक महोदय,

जर्मनीतील सर्वांत लहान शहर आर्निस याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख रंजक आहे. पण त्यातील लोकसंख्येच्या तक्त्यावरून काढलेले ‘भरभराट’ (1946 ची उसळी) आणि ‘ऱ्हास’ (मासेमारी खालावल्याने झालेली पुढची उतरण) हे निष्कर्ष पटणारे नाहीत.

जेमतेम तीनशे वस्ती, तरी शहर कसे? जर्मनीत शहर हा कायद्याने मिळणारा दर्जा आहे, डोकी मोजून ठरत नाही. आर्निसला तो 1934 साली मिळाला. आपल्याकडेही नगरपालिका वा नगरपंचायत असली की जनगणना त्या गावाला शहरच धरते. पाच हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि 75 टक्के पुरुष कामकरी बिगरशेतीत, या अटी ग्रामपंचायतीच्या गावांना लागतात.

आर्निस वसले 1667 मध्ये. शेजारच्या कापेल्नच्या जमीनदाराचे भूदास (जमिनीला बांधलेले वेठकरी) होणे नाकारणारी साठहून अधिक कुटुंबे श्लाय खाडीतल्या या बेटावर येऊन राहिली. पुढे भराव घालून बेट किनाऱ्याला जोडले गेले. वस्ती खलाशांची आणि मासेमारांची, आणि आकड्यांची खरी मेख इथेच आहे. जुन्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा व दफनाच्या नोंदी वापरतात. जन्मातून मृत्यू वजा केले की वाढ निघते, असा साधा हिशेब. पण समुद्रात बुडालेल्याचे दफन गावात होत नाही, त्यामुळे तो दफनाच्या वहीत अनेकदा सापडतच नाही. वाढ कागदावर फुगते.

पुढची अडचण मोजणाऱ्याची. 1864 च्या युद्धापर्यंत हा मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता, म्हणून 1803, 1835, 1840, 1845, 1855 आणि 1860 च्या शिरगणत्या डॅनिश राजवटीच्या आहेत. जर्मन साम्राज्याची पहिली गणना 1 डिसेंबर 1871 ची. 1910 पर्यंत त्या दिवशी गावात हजर असलेली माणसे मोजत. 1925 पासून कायमचे रहिवासी मोजू लागले. जहाजावर गेलेला माणूस पहिल्या पद्धतीत गावातून गळतो, दुसऱ्या पद्धतीत घरच्यांबरोबर मोजला जातो. हे दोन आकडे एका रेषेने जोडणे चूकच.

तक्त्यातली 1946 ची उसळी ही तर भरभराट मुळीच नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्व प्रशिया, पोमेरानिया या तेव्हाच्या पूर्वेकडील जर्मन प्रांतांतून निर्वासितांचे लोंढे आले आणि आर्निस ज्या राज्यात आहे त्या श्लेस्विग-होल्श्टाइनची लोकसंख्या 1939 मधील सुमारे 16 लाखांवरून 26 लाखांच्या पुढे गेली. पन्नासच्या दशकात यांतल्या अनेकांना इतर राज्यांत वसवण्यात आले. पुढच्या उतरणीत हाही भाग आहे. त्याचे खापर केवळ मासेमारीवर फोडता येत नाही.

एका बाबतीत आर्निस सोपे आहे. सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत गावांचे मोठ्या प्रमाणावर विलीनीकरण झाले. एकट्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात 3,379 पालिकांच्या 1,111 झाल्या. त्यात एका रात्रीत दुप्पट झालेली गावे आहेत. अर्ध्या चौरस किलोमीटरहून लहान आर्निस मात्र स्वतंत्र राहिले, कारभार तेवढा कापेल्नहून चालतो. अलीकडच्या आकड्यांचा आधार रहिवासी नोंदवही. त्यात मुख्य निवास धरतात, सुटीतले दुसरे घर नाही. गाव सोडताना नाव न काढलेले लोक वहीत साचतात. 2011 च्या गणनेत देशभर अंदाजापेक्षा सुमारे 15 लाख माणसे कमी भरली ती मुख्यतः यामुळेच.

हद्द बदलल्याने आकडा फुगण्याचा हा प्रकार साताऱ्यातही होणार आहे. 2011 मध्ये पालिकेची लोकसंख्या 1,20,195 होती. 2020 मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखा भाग शहरात आला आणि 2021 ची जनगणना झालीच नाही. नवा आकडा येईल तेव्हा शाहूपुरी व इतर नव्या भागांचा 2011 चा आकडा जुन्या बेरजेत मिळवूनच वाढ काढावी. आणि तक्ता छापताना हद्द वा मोजणीची पद्धत जिथे बदलली, त्या वर्षापाशी खूण करून तळटीप द्यावी, ही विनंती.

आपले,
इतिहास व लोकसंख्याशास्त्राचे काही शिक्षक, सातारा