हत्तीवरचा ओरखडा: नाण्यांच्या निष्काळजी पॅकिंगबद्दल तक्रार

ता. घाटंजी, जि. यवतमाळ
दि. 19 जानेवारी 2026

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 9 जानेवारीला मिळालेल्या पार्सलातील 1911 च्या रुपयाचे नुकसान व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

कापसाचे चुकारे हाती आल्यावर डिसेंबरच्या शेवटी मी आपल्याकडून तीन नाणी मागवली. पंचम जॉर्जचा 1911 चा चांदीचा रुपया, एक दुदांडी शिवराई (मराठेशाहीतले तांब्याचे नाणे) आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळातला तांब्याचा पैसा. एकूण 8,350 रुपये, त्यांत एकट्या रुपयाचे 6,800. शिवाय बिलात 'विमा व सुरक्षित पॅकिंग' म्हणून 180 रुपये वेगळे लावले होते, तेही मी खळखळ न करता भरले.

आमच्या गावात कुरियरवाला येत नाही. तो तालुक्याला बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पार्सल टाकून फोन करतो. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण या वेळी फोन आला तो असा: "भाऊ, तुमचे चांदीचे शिक्के आले न जी, घेऊन जा." त्याला कसे कळले, म्हणून जाऊन पाहतो तर लेबलवर ठळक अक्षरांत 'ओल्ड सिल्व्हर कॉईन, 3 नग' छापलेले. दुकानापुढे खर्रा घोटत बसलेल्या पोरांनीही ते वाचलेले होते. त्याच लेबलवर मालाची किंमत मात्र 500 रुपये! चोराला चांदी म्हणून सांगितले आणि विम्यापुरता माल 500 चा केला. मग माझ्या 180 रुपयांत विमा कितीचा उतरवला, त्याची पावती पाठवावी.

पाकीट हातात घेतले तर बैलाच्या घुंगरमाळेसारखे वाजत होते. तिथेच मनात पाल चुकचुकली. घरी येऊन मुलाने मोबाइलवर शूटिंग केले आणि मग मी पाकीट फोडले. ते शूटिंग सोबत जोडले आहे. आत ना डबा, ना पुठ्ठा. एका मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये तिन्ही नाणी एकत्र. त्यांतली शिवराई तेवढी पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये होती, पण त्याला मारलेल्या पिनांची टोके मागच्या बाजूने तशीच उभी सोडलेली. पार्सल किती दिवस, किती गाड्यांमधून हलत आले असेल, आणि तितका वेळ ती टोके रुपयावर घासत राहिली.

आता नुकसान कुठे झाले ते सांगतो. 1911 च्या रुपयाला संग्राहक एवढी किंमत देतात ती एका हत्तीमुळे. राजाच्या अंगरख्यावर साखळीत जो बारीकसा हत्ती आहे, तो त्या वर्षीच्या साच्यात इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढला. त्यामुळे या रुपयात पाहायचे असते ते तेच नखाएवढेही नसलेले जनावर. आपल्या साइटवरच्या फोटोत ते स्वच्छ दिसते. माझ्या हाती आलेल्या रुपयावर बरोबर त्याच्या पाठीवरून आडवा, पांढरा, ताजा ओरखडा गेला आहे. कडेलाही एक खोच आहे. भिंगाची गरज नाही, दारात उन्हात धरले तरी दिसते.

नाणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. सराफाकडे वजन केले, 11.6 ग्रॅम भरले, ठीक आहे. पण मी वजनावर चांदी घेतली नव्हती. माझ्या आजीच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ होती. प्रत्येक रुपयाला डाख देऊन कडी बसवलेली. ते रुपये याहून जुने, तरी संग्राहकाच्या लेखी त्यांना चांदीपुरतीच किंमत, कारण डाख लागला. आम्हाला ती माळ लाखमोलाची आहे ते निराळे. नाणी विकण्याचा धंदा करणाऱ्यांना हा फरक मी सांगावा लागतो, याचे नवल वाटते.

आपल्या कस्टमर केअरला 10 तारखेला फोन केला. उत्तर मिळाले, "सर, मेटलचे आहे, डॅमेज होत नाही. टूथपेस्टने घासून घ्या, चमकेल." जुने नाणे घासले की त्याचा वर्षानुवर्षांचा रंग जातो, बारीक चरे पडतात आणि उरलीसुरली किंमतही जाते. हा सल्ला आपण आणखी कोणाकोणाला दिला आहे देव जाणे. वर, पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट म्हणून कूपन पाठवले. ते मी वापरणार नाही.

मी स्वतः परतवाड्याच्या एका मित्राला पोस्टाने नाणी पाठवतो. प्रत्येक नाणे वेगळ्या होल्डरमध्ये, पिना पक्कडीने दाबून सपाट. मग ते होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटपट्टीने घट्ट, ते छोट्या डब्यात, तो डबा मोठ्या डब्यात आणि सांदीत कागदाचे बोळे. कानाशी धरून हलवायचे, आवाज आला की पुन्हा उघडायचे. बाहेर फक्त नाव-पत्ता, आणि विमा खऱ्या किमतीचा. मी कापूस पिकवतो, पण नाण्याभोवती कापूस गुंडाळत नाही, तो ओल धरतो. आपले ते मऊ पाऊच पीव्हीसीचे निघाले तर आणखी वाईट. आमच्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात त्यातून हिरवा चिकट थर सुटून नाण्याला लागतो. म्हणून तिन्ही नाणी मी त्याच दिवशी बाहेर काढून ठेवली. या सगळ्या सामानाला मला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

दोन्ही तांब्याची नाणी मी ठेवून घेतो. रुपयाचे 6,800 आणि विमा-पॅकिंगचे 180, असे 6,980 रुपये माझ्या खात्यावर परत करावेत आणि रुपया आपल्या खर्चाने घेऊन जावा. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे 48 तासांत या तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल देणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते. आपले ऑफिस कुठल्या शहरात आहे याने मला फरक पडत नाही.

रुपया न्यायला माणूस पाठवाल तेव्हा तो मी माझ्या पद्धतीने बांधून देईन. त्याने आपले लेबल वर चिकटवू नये.

आपला,
वरील ऑर्डरचा ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, लेबलचा फोटो, पार्सल उघडतानाचे शूटिंग, रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो.