कागदावर भाऊ बरा होता

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात माझ्या धाकट्या भावाला पाच प्रश्नांचा कागद भरायला दिला. उन्माद (मॅनिया), म्हणजे मन अतोनात चढतं आणि झोपेची गरजच वाटत नाही असा मानसिक आजार, ओळखण्यासाठी १९९७ साली तयार झालेली ऑल्टमन प्रश्नावली ती. एकूण ६ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी. भावाचे आले २. ‘झोप नेहमीइतकीच’ यावर त्याने ठसठशीत खूण केली होती. त्या आठवड्यात तो दोन तास झोपत होता आणि पहाटे तीनला लोकांना फोन करून टेम्पोचे सौदे ठरवत होता. मी शेजारीच बसले होते, मला कुणी काही विचारलं नाही. ताण असेल म्हणून घरी पाठवलं. अकराव्या दिवशी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं.

तो खोटं बोलत नव्हता, साहेब. उन्मादात माणसाला आपण आजारी आहोत हेच उमगत नाही, आणि आपण त्यालाच विचारतो.

अमेरिकेत अशीच एक १३ प्रश्नांची चाचणी २००० साली मानसोपचाराच्या बाह्यरुग्णांवर तपासली, तेव्हा शंभर द्विध्रुवी (बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या) रुग्णांमागे ७३ सापडले. २००३ साली तीच सर्वसाधारण लोकांवर तपासली, तर जेमतेम २८. आपल्या शिबिरांना येतात ते हे दुसऱ्या प्रकारचे लोक.

गंमत म्हणजे आत्मप्रौढीचं उलटं आहे. २०१४ साली अमेरिकी संशोधकांनी सरळ एकच प्रश्न विचारून पाहिला, ‘तुम्ही नार्सिसिस्ट (म्हणजे आत्मप्रौढ) आहात का?’ आणि तशी माणसं बरीचशी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणाली. त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही! अर्थात तो स्वभाव झाला, आजाराचं निदान नव्हे. आमच्या शेजारच्या मुलाला मोबाइलवरच्या चाचणीने नार्सिसिस्ट ठरवलं, तर त्याच्या आईने सोमवार धरले.

माझं मागणं लहान आहे. शिबिरातल्या कागदावर घरच्यांसाठी तीन ओळी ठेवा: झोप, खर्च, बोलणं. आणि गुण कमी आले म्हणजे आजार नाही, असं कर्मचाऱ्यांनी धरू नये, एवढी लेखी सूचना द्या. गोपनीयतेचं कारण मला एकदा सांगण्यात आलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ मी वाचलं आहे. रुग्णाची माहिती बाहेर देऊ नये, असं ते म्हणतं. घरच्यांचं ऐकून घेऊ नये, असं कुठे म्हणतं?

भावाच्या संमतीने त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. झोपेच्या प्रश्नासमोरची खूण पाहावी.

आपली,
एका रुग्णाची बहीण